बीदर : पायी आणि बसने

सहलीचा विषय निघाला की आपल्याकडची मुले रायगड, शिवनेरी, अजिंठा, वेरूळ अशी नावे घेतात. नाही तर थेट हैदराबाद. ही ठिकाणे पाहावीतच. पण भालकी, औराद, बसवकल्याण, हुमनाबाद या तालुक्यांतल्या पुष्कळ घरांत बीदरची ओळख एवढीच असते की दाखल्यासाठी जायचे, कचेरीच्या कामाला जायचे, दवाखान्यात जायचे आणि संध्याकाळच्या बसने परत यायचे. किल्ला दुरून दिसतो, पण आत जाणे होत नाही. तेव्हा विद्यार्थी मित्रांनो, हे आपल्या उशाशी असलेले शहर पायी आणि बसने कसे पाहावे, आणि ते या टेकाडावर का वसले, ते या लेखात सांगायचे आहे.

सुरुवात बसच्या खिडकीतूनच करा. भालकीकडून किंवा औरादकडून निघालात तर आधी दोन्ही बाजूंना काळी कापसाची जमीन दिसते. औरादच्या वाटेवर मांजरा नदीचा पूल लागतो. बीड जिल्ह्यात उगम पावलेली हीच मांजरा लातूर जिल्ह्यातून आपल्याकडे येते. पूल ओलांडून बस चढणीला लागली की जमिनीचा रंग हळूहळू बदलतो आणि बीदर येईपर्यंत माती विटेसारखी लाल होते. हा लाल दगड म्हणजे जांभा. कोकणात घरे ज्याची बांधतात तोच. बीदरचे पठार म्हणजे खाली काळा कातळ आणि वर शंभर फूट, काही ठिकाणी त्याहूनही जाड, जांभ्याचा थर. जांभा सच्छिद्र असतो. पावसाचे पाणी त्यातून झिरपत खाली जाते, काळ्या कातळापाशी अडते आणि मग आडवे वाहत पठाराच्या कडेला झऱ्याच्या रूपाने बाहेर पडते. एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तर बीदरमधली निम्मी ठिकाणे आपोआप समजतात. नानक झिरा, झरणी नरसिंह, पापनाश, नौबादची सुरंगबावी ही सारी त्या एकाच पाण्याची रूपे आहेत.

राजधानी इथे का आली, याचे उत्तरही बरेचसे यातच आहे. बहमनी राज्य १३४७ मध्ये गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, स्थापन झाले. पुढे अहमदशाह वली या सुलतानाने १४२४ नंतरच्या काही वर्षांत राजधानी बीदरला हलवली. उंच पठाराची कड, उत्तरेला खाली मांजरेचे खोरे, थंड हवा, कोरायला सोपा दगड आणि बारमाही झरे. किल्ल्यासाठी आणखी काय हवे ? जांभ्याचा एक गुण गवंडी सांगतात. जमिनीतून काढताना तो मऊ असतो, पहारीने सहज निघतो, आणि हवा लागली की कडक होत जातो.

आता चालायला सुरुवात करू. मध्यवर्ती बसस्थानक शहराच्या पश्चिमेला आहे. तिथून सकाळी लवकर शहर बसने किंवा रिक्षाने आधी सरळ किल्ल्यावर जावे, आणि मग किल्ल्यातून चौबाऱ्याकडे चालत यावे. उलटे केले तर किल्ल्यात पोहोचेपर्यंत ऊन चढते, आणि आतली भटकंती तर सावली नसलेली आहे. पाण्याच्या बाटल्या, टोपी, भाकरी आणि शेंगाचटणी बरोबर घ्या. जुन्या शहराचे पाच दरवाजे आहेत : शाहगंज, फतेह, मंगळपेठ, दुल्हन आणि तलघाट. रोज बसमधून या नावांच्या पाट्या दिसतात, पण ही कधी काळी रात्री बंद होणारी दारे होती हे आपल्या ध्यानात येत नाही.

किल्ल्याच्या दारापाशी लगेच आत पळू नका. आधी पुलावर थांबून खंदक पाहा. इथला खंदक एकेरी नाही. जांभ्याचा जिवंत दगड कोरून तीन समांतर चर खणले आहेत आणि मधे दगडाच्याच भिंती राखल्या आहेत. एक चर ओलांडला की पुढे दुसरा, मग तिसरा, आणि वरून तटावरच्या तोफा. खंदकातून निघालेला दगड दूर वाहून न्यायची गरजच नव्हती, तट तिथेच तर बांधायचा होता. पुढे शर्जा दरवाजा लागतो. शर्जा म्हणजे वाघ-सिंह. दोन कोरीव शर्जे दरवाजावर आहेत. महाराष्ट्रातल्या कित्येक किल्ल्यांच्या दारांवर असेच शर्जे आहेत. ज्यांनी ते गड पाहिले आहेत त्यांनी दोन्हींची तुलना करावी. मग प्रचंड गुंबद दरवाजा, आणि आपण आत.

आत पाहण्यासारखे इतके आहे की एका फेरीत सारे होणार नाही, आणि करूही नये. माझ्या मते तीन ठिकाणी मन लावून वेळ द्यावा. एक सोळा खांब मशीद. ती १४२३-२४ सालची, म्हणजे बीदर राजधानी म्हणून स्थिरावण्याच्याही आधीची. खांब सोळाच नाहीत, पुष्कळ आहेत. मधल्या भागातल्या सोळांमुळे नाव पडले. मुलांना खांब मोजायला लावले की गोंधळ होतो आणि मजा येते. दुसरे रंगीन महाल. तो पुढच्या काळातला, बरीदशाहीतल्या अली बरीद याच्या वेळचा (१५४२ ते १५८०). काळ्या दगडात शिंपल्याचे चकाकणारे तुकडे बसवून केलेली नक्षी आणि लाकडी खांबांवरचे कोरीव काम हे त्याचे वैशिष्ट्य. हा महाल बहुधा कुलूपबंद असतो. किल्ल्यातल्या संग्रहालयाच्या कर्मचाऱ्यांना नम्रपणे विचारले तर तो पाहायला मिळू शकतो. चाळीस मुले एकदम आत नेण्याची ती जागा नव्हे, पाच-पाचच्या गटाने जावे. तिसरे ठिकाण म्हणजे तख्त महालाची पडझड. तिथे उभे राहून अफानासी निकितीन आठवावा.

हा निकितीन कोण ? रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. वास्को द गामाच्या कितीतरी आधी, १४६९ च्या सुमारास, तो समुद्रमार्गे चौलला उतरला. सोबत विकण्यासाठी एक घोडा होता. चौलहून जुन्नर, तिथे पावसाळा काढला, आणि मग मजल दरमजल करत बीदर. घोडा शेवटी त्याने बीदरलाच विकला. आपण लिहिलेल्या टिपणांत तो सुलतानाच्या वाड्याचे सात दरवाजे, त्यांवरचे पहारेकरी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारे कारकून यांचे वर्णन करतो. सरदारांचा थाट आणि खेड्यातल्या लोकांची गरिबी, दोन्ही त्याच्या नजरेतून सुटले नाही. चौल ते बीदर ही वाट म्हणजे आजचा रायगड, पुणे आणि पुढचा सारा मराठी मुलूख. त्या काळी त्याला एका राजधानीकडे जाणारा रस्ता म्हणत.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. आपल्या मुलांना वाटते की आपला इतिहास सीमेपलीकडे आहे आणि इथला इतिहास दुसऱ्या कुणाचा. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत जुन्या हैदराबाद संस्थानातल्या बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, अहमदपूर, निलंगा मुंबई राज्यात गेले, जहीराबाद आणि नारायणखेड आंध्रात, आणि बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद तेव्हाच्या म्हैसूर राज्यात आले. म्हणजे आज आपण जिला सीमा म्हणतो ती आपल्या आजोबांच्या आठवणीतली आहे. त्याआधी शतकानुशतके 'बेदर' हे मराठी बोलीतले रोजचे नाव होते. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा घराघरांत ठाऊक आहे. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठारातले धान्य भुकेल्यांना वाटले, आणि त्याची भरपाई करायला विठोबा विठू महाराचे रूप घेऊन ज्या बादशहाच्या दरबारात गेला, तो दरबार बेदरचा. कीर्तनात ही कथा ऐकलेल्या आजीला किल्ल्याच्या दिवाण-इ-आमच्या जोत्यावर नेऊन उभे करा.

किल्ल्यातून बाहेर पडून चौबाऱ्याकडे चालू लागलात की अर्ध्या वाटेवर महमूद गावानचा मदरसा आहे. बीदरमध्ये एकच इमारत पाहायची असेल तर ही पाहावी. गावान हा इराणातल्या गिलान प्रांतातला व्यापारी. १४५३ च्या सुमारास तो बीदरला आला आणि आपल्या कर्तबगारीवर राज्याचा मुख्य वजीर झाला. त्याने कोकणावर स्वारी करून खेळणा, म्हणजे आपला विशाळगड, घेतला. १४७२ मध्ये गोवा घेतला, आणि त्याच साली हे विद्यालय पूर्ण झाले. तीन मजली इमारत, मधे चौक, भोवती वर्ग, विद्यार्थ्यांच्या राहण्याच्या खोल्या आणि तीन हजार हस्तलिखिते असल्याचे सांगितले जाणारे ग्रंथालय. समोरच्या मिनारावर निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या चिनी मातीच्या फरश्यांची नागमोडी नक्षी अजून टिकून आहे. जवळ जाऊन पाहा. पाचशेहून अधिक पावसाळ्यांनंतरही तो निळा रंग फिका पडलेला नाही.

मिनार एकच का ? दुसरा कुठे गेला ? मुले हा प्रश्न विचारतातच. औरंगजेबाने १६५७ मध्ये बीदर घेतले. पुढे या इमारतीत सैनिक राहू लागले आणि दारूगोळा साठवला गेला. १६९६ मध्ये वीज पडून त्या दारूचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग एका मिनारासह उडाला. वर्गात बंदुकीची दारू ठेवली की काय होते ते तिथे डोळ्यांनी दिसते. गावानचा शेवटही तसाच वाईट झाला. दरबारातल्या विरोधकांनी त्याच्या नावाचे खोटे पत्र तयार केले, सुलतानाने त्यावर विश्वास ठेवला आणि एप्रिल १४८१ मध्ये त्याचा शिरच्छेद झाला. वजीर गेला आणि राज्य टिकले नाही. त्याचे तुकडे होऊन अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडा, वऱ्हाड आणि बीदर अशी पाच राज्ये झाली. इयत्ता सातवी-आठवीच्या मुलांनी इथे थांबून विचार करावा. मालोजीराजे आणि शहाजीराजे ज्या निजामशाहीत आणि आदिलशाहीत वावरले, त्या दोन्ही याच मोडलेल्या राज्यातून निघाल्या होत्या.

पुढे चौबारा. शहराच्या मधोमध उभा असलेला सुमारे ७० फूट उंचीचा गोल बुरूज, चार रस्त्यांच्या मेळावर. बुरुजावरून पहारेकऱ्यांना चारही बाजूंची वाट दिसे. आता त्याच्या भोवती रिक्षा, फळगाड्या आणि हॉर्न. या गर्दीत मुलांचे हात सोडू नका. इथल्या आसपासच्या गल्ल्यांत बिदरी कामाची दुकाने आणि कारखाने आहेत. ठोक-ठोक आवाज आला की त्या दिशेने वळा. जस्तात थोडे तांबे मिसळून (साधारण सोळा भाग जस्त, एक भाग तांबे) वस्तू ओततात, कानशीने घासतात, मोरचुदाच्या पाण्याने तात्पुरती काळी करतात म्हणजे नक्षी काढताना रेघ उठून दिसते. छिन्नीने खोदलेल्या खाचेत चांदीची तार ठोकून बसवतात. शेवटची पायरी सर्वांत अद्भुत. किल्ल्यातली जुनी, ऊन-पाऊस न लागलेली माती आणि नवसागर यांच्या मिश्रणात वस्तू गरम करून चोळतात. जस्त गडद काळे होते, चांदी मात्र पांढरीच राहते. कोणती माती चालेल हे जुने कारागीर चाखून ठरवतात. शाह रशीद अहमद कादरी या बीदरच्या कारागिराला २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. रसायनशास्त्राच्या शिक्षकांनी हा तास फळ्याऐवजी या गल्लीत घ्यायला हरकत नाही. मात्र कारागिराचा वेळ मोडतो, म्हणून सहलीतल्या कुणीतरी एखादी लहानशी वस्तू विकत घ्यावी हे बरे.

दुपारच्या जेवणाला नानक झिरा. गुरू नानक दक्षिणेच्या प्रवासात इथे आले असताना लोकांच्या गोड्या पाण्याच्या अडचणीवर हा झरा प्रकटला अशी शीख बांधवांची श्रद्धा आहे. डोके झाकून, पाय धुऊन आत जावे. लंगरमध्ये पंगतीत बसवून सर्वांना जेवण देतात, पैसे घेत नाहीत. मोठ्या मुलांनी भांडी घासायला हात लावला तर कुणी नको म्हणत नाही. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी निवडलेल्या पंज प्याऱ्यांपैकी भाई साहिबसिंग बीदरचे होते. नांदेडला जाणारे पुष्कळ यात्रेकरू म्हणूनच बीदरला येतात. झरणी नरसिंहाला मात्र लहान मुलांना नेण्याआधी चौकशी करा. तिथे देवदर्शनाला डोंगरातल्या भुयारातून, कमरेपर्यंत किंवा त्याहून खोल पाण्यातून चालत जावे लागते आणि वर वटवाघळे असतात. पाण्याच्या स्थितीप्रमाणे ते कधी कधी बंदही ठेवतात.

पाण्याची गोष्ट निघालीच आहे तर नौबादला उतरल्याशिवाय राहू नका. हुमनाबाद रस्त्याने येणाऱ्या बस तिथूनच शहरात येतात. तिथे जमिनीखाली बहमनी काळात कोरलेले पाण्याचे भुयार आहे. लोक त्याला सुरंगबावी म्हणतात, इराणी शब्द कारेज. पाणी झिरपून जिथे साचते तिथे विहीर, तिथून अगदी हलक्या उताराचा बोगदा, आणि वर ठरावीक अंतरावर उभी विवरे. ही विवरे म्हणजे खोदताना माती वर काढायची वाट आणि पुढे हवा-उजेड. पंप नाही, मोट नाही, पाणी आपल्या वजनाने चालते. नौबादचे हे भुयार सुमारे तीन किलोमीटर लांब असून त्याला २१ विवरे आहेत. वल्लियिल गोविंदनकुट्टी या भूगोल-अभ्यासकांनी त्याचा मार्ग शोधून नकाशे केले आणि २०१५ च्या सुमारास त्यातला गाळ काढला गेला. वर घरे आणि प्लॉट वाढत चालले आहेत, एखादे विवर बुजले की खालचे पाणी अडते. आपल्या पालकांपैकी कुणी त्या बाजूला जागा पाहत असेल तर एवढे ध्यानात असू द्यावे. हेच तंत्र इराणातून अरबांबरोबर स्पेनला आणि स्पॅनिश लोकांबरोबर थेट मेक्सिकोपर्यंत पोहोचले.

मेक्सिकोचे नाव आलेच आहे म्हणून सांगतो. तिथे ग्वानाह्वातो नावाचे चांदीच्या खाणींचे जुने डोंगराळ शहर आहे, १९८८ पासून जागतिक वारसा यादीत. गल्ल्या इतक्या अरुंद आणि चढ-उताराच्या की शहर पायीच पाहावे लागते, आणि बस-मोटारी पुष्कळदा जमिनीखालच्या रस्त्याने जातात, कारण जुन्या नदीचे पात्रच पुढे रस्ता झाले. लोक जगाच्या दुसऱ्या टोकाहून ते बघायला जातात. आपले बीदर २०१४ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहे, कलबुर्गी, विजापूर आणि हैदराबादच्या दख्खनी वास्तूंबरोबर. यादीत नाव पक्के होण्यासाठी काय लागते ते सरकार पाहील. मदरशाच्या भिंतीवर खिळ्याने कोरलेली नावे आणि बदामाची चित्रे मात्र आपल्याच मुलांची असतात. हे लिहिताना वाईट वाटते, पण विश्वस्तांनी आणि शिक्षकांनी सहलीआधी वर्गात त्याबद्दल बोलायलाच हवे.

बसबद्दल थोडे. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून राज्यातल्या रहिवासी महिला आणि मुलींना साध्या सरकारी बसमध्ये प्रवास मोफत आहे. ओळखपत्र जवळ ठेवा. लातूर-उदगीरहून आलेल्या मावशीला तिकीट घ्यावे लागते, त्यावरून कंडक्टरशी वाद घालू नये. बसच्या पाट्या कन्नडमध्ये असतात. आपल्या मुलांना त्या वाचता येतात, आजीला वाचून दाखवण्याचे काम त्यांच्याकडे द्या. कलबुर्गीकडच्या मंडळींना २०१७ च्या ऑक्टोबरपासून हुमनाबादमार्गे थेट रेल्वेही आहे. परतीच्या बसला वेळ असेल तर स्थानकाजवळ उदगीर रस्त्यावरच बरीदशाही कबरींची बाग आहे. अली बरीदची कबर १५७७ सालची, चारही बाजूंनी कमानींनी उघडी, वारा आरपार जाणारी. दमलेल्या मुलांना टेकायला याहून चांगली जागा नाही.

अष्टूर एका दिवसात कोंबू नका, त्यासाठी वेगळी सकाळ ठेवा. शहराच्या पूर्वेला तीन-चार किलोमीटरवर शेतांच्या मधे बहमनी सुलतानांच्या कबरींची रांग आहे. वाटेवर डावी-उजवीकडे बघत चाला, चौखंडीचा अष्टकोनी वाडा चुकवू नका. रांगेतला हुमायूनचा घुमट वीज पडून अर्धा उघडा पडला आहे, त्यामुळे घुमटाची भिंत किती जाड असते आणि आत काय भरलेले असते ते चिरलेल्या फळासारखे दिसते. अहमदशाह वलीच्या कबरीत मात्र अंधार असतो. राखणदार दारात आरसा धरून ऊन आत फेकतो आणि छतावरचे लाल, सोनेरी, निळे रंग एकदम उजळतात. विजेरी नेली तरी आरशाचीच गंमत जास्त.

याच कबरीवर दरवर्षी उरूस भरतो, आणि तो चांद्र हिजरी तारखेने नव्हे तर आपल्या पंचांगाप्रमाणे, होळीनंतर. कलबुर्गी जिल्ह्यातल्या माडियाळ गावाहून तिथले जंगम आपल्या अनुयायांसह परंपरेने पायी येतात आणि उरुसात त्यांचा मान असतो. कुणी या राजाला वली म्हणते, कुणी अल्लमप्रभूचा अवतार. त्या दिवसांत अष्टूरला गर्दी फार असते, दुकाने लागतात. चित्रे निवांत पाहायची असतील तर आधीच्या महिन्यात जावे, आणि उरूस पाहायचा असेल तर मुलांच्या खिशात घरचा पत्ता आणि फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेवावी.